एअरबॅगचा निवाडा

शीव-पनवेल महामार्गावर खारघरनजीक पुढच्या ट्रकखाली घुसून बॉनेटचा चुराडा झालेली एखादी मोटार दिसावी आणि तिच्या एअरबॅगा मात्र मिटलेल्याच आढळाव्यात, की भोवती जमलेली मंडळी कंपनीने फसवल्याचा निकाल तत्काळ देऊन मोकळी होतात; परंतु मोटारीतले संवेदक पत्र्याची नासाडी मोजत नसून वेग किती झपाट्याने लयाला गेला एवढेच मोजत असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे यातल्या बऱ्याच तक्रारी खारीज होतात. ट्रकच्या उंच पाठीखाली मोटार शिरते तेव्हा पातळ पत्रा आधी चिरडतो, सांगाड्याचा भक्कम भाग उशिरा अडतो किंवा अडतच नाही, आणि संवेदकांपर्यंत पोहोचणारा हिसका त्या मानाने सौम्य राहतो. मागून बसलेल्या धडकेत तर समोरच्या एअरबॅगा सहसा उघडतच नाहीत, कारण तेव्हा प्रवासी पुढे फेकला न जाता पाठीशी रेटला जातो.

ताशी सुमारे 13 ते 23 किलोमीटर वेगाने अभंग भिंतीवर आदळावे, तितका समोरचा आघात झाला, की नियंत्रक यंत्र ठिणगी पाडते, रासायनिक द्रव्य पेटून वायू निर्माण होतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच पिशवी फुगून, छिद्रांवाटे लगेच ओसरूही लागते. इतक्या त्वरेने उसळणारी वस्तू मृदू असू शकत नाही. म्हणूनच चालकाची छाती सुकाणूपासून निदान 25 सेंटिमीटर दूर असावी आणि मुलांनी मागेच बसावे, असा दंडक आहे. डिसेंबर 2024 मध्ये वाशीच्या अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर पुढे बसलेले एक मूल दगावले, ही घटना नवी मुंबईकरांच्या स्मरणात असेलच.

चालकाच्या एअरबॅगची सक्ती 1 जुलै 2019 पासून अंमलात आली. तथापि ही योजना सीटबेल्टला पूरक आहे, त्याचा पर्याय नव्हे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला, तेव्हा पट्टा न बांधता मागे बसलेले ते व त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले, तर पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही बचावले.

तेव्हा कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागण्यापूर्वी सर्वांचे पट्टे बांधले गेल्याची खातरजमा करावी, आणि गाडी सुरू होताच उजळणारा एअरबॅगचा दिवा काही क्षणांत विझला नाही, तर आधी कार्यशाळा गाठावी.