पन्नास हजारांचा सिनेमा

आम्ही नंदुरबारचे कापडवाले. साड्यांच्या खरेदीसाठी मालेगावला आमची नेहमीची ये-जा. त्या यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' हा मारामारीचा आणि हसवणुकीचा सिनेमा काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. गिऱ्हाईक मात्र पक्के ओळखीचे: शुक्रवारी माग बंद, आणि थकल्या कारागिराला दोन घटका हसायला हवे. गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये सिनेमा चालला.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. नायक उडवायचा कसा? मागे हिरवे कापड ताणले, आकाश संगणकावर जोडले. नायक शफीक शेख हा मागावरचा सडपातळ मजूर. 2011 मध्ये तोंडाच्या कर्करोगाने तो अल्लाला प्यारा झाला. याच मंडळींवरचा रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 रोजी थेटरांत लागला. तो पाहायला शफीक नव्हता.

व्यापारी बांधवांनो, गिऱ्हाईक ओळखले तर थोड्या भांडवलातही धंदा उभा राहतो. पण आपल्या वहीत कारागिराच्या तब्येतीचेही एक खाते असू द्या.