शुद्धीवर असतानाच सांगून ठेवू या

आमच्या थोरल्या चुलत्यांना सारी चाळ आबा म्हणायची. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरले होते. थोरला मुलगा दाराशी बसला होता आणि लेक आत आईजवळ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही. भांडण जमिनीचे नव्हते, खोलीचे नव्हते. आबांच्या शेवटच्या सतरा दिवसांचे होते.

आबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांना इस्पितळात श्वासाच्या मशीनवर, म्हणजे व्हेंटिलेटरवर ठेवले. चार-पाच दिवसांनी डॉक्टर म्हणाले, ‘सुधारणा होण्याची आशा दिसत नाही. पुढे काय करायचे ते घरच्यांनी सांगा.’ लेक म्हणाली, ‘बाबा मला बोलले होते, मला असं नळ्या घालून ठेवू नका.’ दादा म्हणाला, ‘मला कधी बोलले नाहीत. बापाचं मशीन काढायला मी कोणत्या तोंडानं सांगू? उद्या लोक म्हणतील, पैशासाठी बापाला सोडला.’ दोघेही खोटे बोलत नव्हते. दोघांचीही बापावर माया होती. काकींच्या बांगड्या गहाण पडल्या, सोसायटीचे कर्ज काढले आणि सतराव्या दिवशी आबा गेले. मागे कर्ज राहिले आणि भावा-बहिणीचा अबोला राहिला.

आपल्या घरांत मरणाचा विषय काढला की वडीलधारे म्हणतात, ‘अभद्र बोलू नको.’ पण जे आपण शुद्धीवर असताना सांगत नाही, त्याचा निर्णय पुढे मुलांना रडत रडत करावा लागतो. म्हणूनच आज या विषयावर मोकळेपणाने बोलायचे ठरवले आहे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा घरच्या माणसासारखी केली. त्यांना जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ मध्ये न्यायालयाने ती मागणी नाकारली. बाहेरच्यांनी दोन्ही बाजूंनी पुष्कळ मते मांडली. पण स्वतः अरुणाताईंना काय हवे होते, हे सांगणारा त्यांच्या हातचा कागद कोणाकडेच नव्हता.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महत्त्वाचा निकाल दिला. आपल्या संविधानाच्या कलम २१ मध्ये जगण्याचा जो हक्क आहे, त्यात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो, असे न्यायालयाने मानले. माणूस शुद्धीवर असताना आपल्या पुढच्या उपचारांविषयी लिहून ठेवू शकतो, हेही मान्य केले. या कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. आपण त्याला उपचारांचे इच्छापत्र म्हणू या. घर-जमिनीच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे तो जिवंत असताना उपयोगी पडते.

हा कागद नेमका कधी लागू होतो? आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि रोगी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तेव्हाच. रोग्याला समजत-बोलता येत असेल, तर डॉक्टरांनी त्यालाच विचारायचे. इंजेक्शन देऊन मरण आणणे आपल्या देशात आजही गुन्हा आहे. या कागदाने फक्त केवळ मरण लांबवणारे उपचार थांबवता येतात किंवा सुरूच न करण्यास सांगता येते. वेदना कमी करणारी औषधे, स्वच्छता, मायेची सेवा थांबत नाही, थांबवायचीही नसते.

२०१८ ची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही लागत असे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता कागद असा करावा :

१) करणारा १८ वर्षे पूर्ण झालेला, शुद्धीवर असलेला आणि स्वखुशीने करणारा असावा.

२) कोणत्या स्थितीत कोणते उपचार नकोत, हे स्पष्ट लिहावे. ‘जास्त त्रास देऊ नका’ असे मोघम लिहून भागत नाही.

३) आपल्या वतीने डॉक्टरांशी बोलणाऱ्या विश्वासू पालकाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे नाव घालावे. एकापेक्षा जास्त नावेही चालतात.

४) दोन साक्षीदारांसमोर सही करावी. साक्षीदार शक्यतो ज्यांचा आपल्याशी हितसंबंध नाही असे असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करून घ्यावा.

५) एक प्रत नाव घातलेल्या माणसाकडे, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मुंबईत हे काम विभाग कार्यालयातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिलेले आहे.

कागदात काय लिहावे, असे पुष्कळजण विचारतील. साधे लिहावे. उदाहरणार्थ : ‘माझा आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी ठरवले आणि मला स्वतः सांगता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, ठेवले असल्यास काढावे. डायलिसिस करू नये. हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. वेदना कमी करण्याची औषधे द्यावीत. माझ्या वतीने माझी मुलगी बोलेल. याचा परिणाम काय होईल ते मला समजले आहे.’ दुसऱ्याकडून लिहून घेतले, तर सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्यावे. डॉक्टरांना एकदा दाखवले तर उत्तमच.

कागद आहे म्हणून इस्पितळ लगेच मशीन काढत नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे मंडळ रोग्याला तपासते. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असलेले दुसरे मंडळ तपासते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. अंमल करण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटला कळवावे लागते. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयात जाता येते. कागद नसला, तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत वापरता येते. मात्र त्या वेळी ‘त्यांना काय हवे होते’ हा आमच्या घरात उठलेला वाद पुन्हा उभा राहतो.

आता एक गोष्ट ठणकावून सांगतो. आपण कष्टकरी माणसे. इस्पितळाचे बिल पाहून म्हातारी माणसे म्हणतात, ‘माझ्यावर खर्च नको, पोरांना कर्ज नको.’ असा कागद पैशाच्या धाकाने लिहू नये आणि मुलांनी आई-वडिलांकडून तसा लिहून घेऊ नये. बरा होणारा आजार असेल, तर उपचार हा आपला हक्क आहे. सरकारी रुग्णालयात जावे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी, समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. दबावाखाली केलेला कागद कायद्यातही टिकत नाही. शिवाय मन बदलले, तर हा कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो, नवाही करता येतो. मग शेवटचा कागद धरला जातो.

आणि कागदापेक्षा बोलणे आधी. सगळी मुले घरात असतील असा एखादा रविवार निवडावा, सुनांना-जावयांनाही बसवावे आणि एकदाच सर्वांदेखत सांगावे. एकाच्याच कानात सांगितलेली गोष्ट इतरांना खरी वाटत नाही. आमच्या आबांचे हेच चुकले.

गेल्या महिन्यात काकींनी दोन्ही मुलांना बोलावून घेतले. म्हणाल्या, ‘तुमच्या बापाच्या वेळी जे झालं ते माझ्या वेळी नको. मी सांगते, तुम्ही दोघं ऐका.’ त्यांनी लेकीचे नाव पहिले घातले आणि दादाचे दुसरे. शेजारच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. नोटरीकडे दादाच घेऊन गेला, येताना झेरॉक्स काढून आणल्या आणि एक प्रत बहिणीच्या हातात दिली. ‘ही तुझ्याकडं ठेव,’ एवढेच म्हणाला. दोन वर्षांनी तो तिच्याशी बोलला.

काकींनी मग चहा टाकला. त्या दिवशी दोघेही जेवूनच गेले.