पुण्याच्या सर्व्हरवर घोडेगावचा कांदा

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि नगर जिल्ह्याच्या साखरपट्ट्यात लोणी, संगमनेर, कोपरगावला महाविद्यालयं उभी राहिली. समजा, तिथल्याच एका विद्यार्थिनीनं घोडेगावच्या बाजारातले कांद्याचे भाव दाखवणारं वेब-ॲप बनवलंय. तिच्या लॅपटॉपवर ते झकास चालतं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पायथॉनची आवृत्ती वेगळी, की लगेच मान टाकतं.

२०१३ साली आलेल्या डॉकरनं यावर तोड काढली: ॲपला लागणारं सगळं त्याच्यासोबतच बांधून द्यायचं. या गाठोड्याला इमेज म्हणतात; ती चालू केली की झाला कंटेनर. आणि खरी गंमत पुढेच आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, कंटेनर नावाची वस्तूच नाही! असतो तो एक साधा चालू प्रोग्रॅम, ज्याला कर्नल बेमालूम फसवतो. नेमस्पेसमुळे त्याला फक्त स्वतःच्या फाइली, स्वतःचं नेटवर्क दिसतं. शेजारी शेकडो प्रोग्रॅम चालू असले तरी आपला क्रमांक पहिला, अशी त्याची ठाम समजूत. त्याला मेमरी आणि प्रोसेसर किती मिळणार, ते २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेले सीग्रुप ठरवतात. वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करावी लागत नाही, म्हणून कंटेनर क्षणात उभा राहतो.

इमेज थराथरांची असते. प्रत्येक थराची ६४ चिन्हांची ओळख त्यातल्या मजकुरावरूनच निघते. कोडमधला एक स्वल्पविराम बदलला तरी त्या थराची ओळख बदलते. खालचे थर मात्र तसेच. त्यामुळे पुढच्या वेळी शेकडो एमबी नव्हे, बदललेलंच तेवढं चढवायचं. अकोले तालुक्याच्या डोंगरात रेंज शोधत बसणाऱ्याला याची किंमत विचारा! फक्त इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या डॉकरफाइलमध्ये लायब्ररी बसवायची ओळ आधी आणि स्वतःचा कोड नंतर हवा. उलट केलंत तर दर वेळी सगळ्या लायब्ररी नव्यानं बसतात.

तयार इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, जाते आणि तिथून क्लाउडवर. तो काही ढगात नाही: मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर २०१५ पासून पुण्यात, ॲमेझॉनची २०१६ पासून मुंबईत आहेत. क्लाउडवर कंटेनर चालवताना नवखे एका गोष्टीत हमखास अडकतात. ॲप १२७.०.०.१ वर ऐकत बसतं, म्हणजे कंटेनरच्या आतल्या आतच; ०.०.०.० लिहिलं की बाहेरची हाक पोचते.

लिलावाच्या दिवशी गर्दी झाली तर प्लॅटफॉर्म त्याच इमेजचे आणखी कंटेनर उभे करतो, ओसरली की बंद करतो. तेव्हा भावांच्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्येच ठेवा. कंटेनर गेला की त्यात लिहिलेलंही जातं.