तारेविना पूल

घरात इंटरनेट आहे, पण ४०० मीटरवरच्या मळ्यातल्या शेडमध्ये नाही. मधल्या रस्त्याखालून केबल न्यायची तर खोदकाम आलं. आणि साधी लॅनची तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे चालतही नाही. अशा वेळी दोन ॲक्सेस पॉइंट एकमेकांकडे तोंड करून बसवतात. हाच वायरलेस ब्रिज.

गंमत पत्त्यांची आहे. नेहमीच्या वायफायमध्ये डेटाच्या प्रत्येक पाकिटावर तीन पत्ते पुरतात. ब्रिजमध्ये मात्र मूळ पाठवणारा, अखेरचा घेणारा आणि मधले दोन निरोपे, असे चार लागतात. हा चार पत्त्यांचा प्रकार प्रत्येक कंपनी आपापल्या परीने राबवते. म्हणून जोडी एकाच कंपनीची घ्यावी, कटकट वाचते.

दोन्हीकडे चॅनेल आणि पासवर्ड एकच, आयपी पत्ते वेगळे. शेडमधल्या यंत्राचं डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटायचं काम, बंद ठेवायचं, नाहीतर एका घरात दोन कारभारी!

खरी परीक्षा छपरावर. समोरचं टोक नजरेला दिसलं म्हणजे झालं, असं नाही. लहरींना दोरीसारखी रेघ पुरत नाही, मधे फुगलेली काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झला ४०० मीटरच्या मध्यावर तिची त्रिज्या सुमारे सव्वादोन मीटर भरते, आणि त्यातली निदान ६० टक्के तरी मोकळी हवी. मे महिन्यात झकास चाललेला ब्रिज श्रावणात रडू लागला, तर यंत्राला दोष देण्याआधी मधलं झाड बघा. ओली पानं लहरी गिळतात.