बोलक्या बाहुल्यांचं पाध्ये घराणं

अर्धवटराव हे बोलके बाहुले मुंबईचे, पण आमच्या बीडच्या गल्ल्यांमध्येही त्यांना पोरंटोरं ओळखत. पत्र्यावरची अँटेना फिरवत, ‘आलं का? आलं का?’ असं ओरडत पडद्यावरच्या मुंग्या घालवल्या की दूरदर्शनवर शब्दभ्रमकार रामदास पाध्ये दिसत. त्यांच्या मांडीवरचे अर्धवटराव लगेच त्यांनाच टोमणे मारायला लागत. मोठ्या माणसाला तोंडावर सुनावणारं कुणीतरी आहे, याचंच आम्हाला अप्रूप. शेजारी त्यांच्या बाहुली-बायको आवडाबाई असल्या की भांडण रंगलंच.

अर्धवटरावांना बोलतं केलं रामदासांचे वडील यशवंत पाध्ये यांनी. १९६७ पासून त्यांना रामदासांनी सांभाळलं आणि आता रामदासांचा मुलगा सत्यजितही हाच खेळ करतो. ब्रिटनमध्ये हॅरी कॉर्बेट यांनी १९४८ साली ब्लॅकपूलला विकत घेतलेलं ‘सूटी’ हे अस्वलाचं बाहुलं असंच १९७६ मध्ये त्यांच्या मुलाच्या हाती आलं. तिथल्या कैक पिढ्या त्याच्यावर जीव टाकतात. सूटी मात्र मालकाच्या कानात नुसता कुजबुजतो. गप्प बसणं अर्धवटरावांच्या स्वभावात नाही.

बाहुल्याला बोलतं करायच्या या कलेची, म्हणजे शब्दभ्रमाची, खरी परीक्षा ओठांवर. क, त, न ओठ न हलवता निघतात. प, फ, ब, भ, म काही केल्या निघत नाहीत. तिथे कलाकार जीभ वरच्या दातांमागे टेकवून जवळपासचा आवाज काढतो आणि नेमक्या त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा हलवतो. आपली नजर जबड्यावर खिळलेली, त्यामुळे कानाला ‘बाबा’च ऐकू येतं. एक हात बाहुल्याच्या पाठीतून आत, मान फिरवायला आणि कळ दाबून तोंड उघडायला. हे सगळं करताना स्वतःच्या चेहऱ्यावर ऐकणाऱ्याचे भाव ठेवायचे. मला हेच सगळ्यांत अवघड वाटतं. रामदास बाहुल्याचं बोलणं असं ऐकतात, जणू ते त्यांच्याही कानावर पहिल्यांदाच पडतंय.

लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच. मग १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ सिनेमातून खुनी बाहुला तात्या विंचू आला, बाहुला पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. गणपतीत मंडळानं भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर तो पाहिला आणि आमच्याकडची पोरं कित्येक रात्री एकटी अंगणात जाईनात. तोवर बाहुला म्हणजे हसू. तात्यानं तीच कला भीतीसाठी वापरून दाखवली. २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला, तेव्हाही तात्याला जिवंत करायला पाध्येच लागले.