मंडईच्या पलीकडचं पुणं

लग्नाचा बस्ता, रुखवताचं सामान, तुळशीबागेतली भातुकली आणि मग मंडईत एक फेरी! पुण्याला येणाऱ्या आपणा बायकांचा हा ठरलेला रस्ता. २०२४ पासून तर मेट्रोही मंडईला थांबते. पण मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पिशव्या कुणाकडे तरी सोपवा आणि पूर्वेला गुरुवार पेठेकडे पंधरा-वीस मिनिटं चाला. पाचहौदाचा उंच मनोरा दिसेल. हे पवित्र नाम देवालय, म्हणजे होली नेम कॅथेड्रल.

कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च नव्हे, बरं का. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं, ते कॅथेड्रल. युरोपात इंग्लंडचं कँटरबरी, फ्रान्सचं शार्त्र अशी कितीतरी गावं त्याच्याभोवती वाढली. यात्रेकरू आले, मग धर्मशाळा आल्या, बाजार आला. आपलं पंढरपूर किंवा आळंदी डोळ्यांपुढे आणा, की झालं! पुण्यातही अशी आसनं आहेत. कॅथलिकांचं सेंट पॅट्रिक्स लष्कर भागाच्या बाजूला आणि प्रोटेस्टंटांचं हे, थेट पेठेत.

'हे सगळं इंग्रजांनी आणलं' असं आपण सहज म्हणून टाकतो. पण सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकानं 'कल्लियाना' या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि बरेच अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही सातशे वर्षं आधीची गोष्ट! पुढे पोर्तुगीजांनी वसईच्या किल्ल्यात १५४६ साली सेंट जोसेफ चर्च बांधलं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. भीमाशंकरच्या देवळातली मोठी घंटा नीट बघा, तिच्यावर १७२९ हा आकडा आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर सगळ्यांच्या ओळखीची. आपल्यापैकी किती जणींनी त्या घंटेखाली उभं राहून हात जोडले असतील!

पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये नाना पेठेत चर्च उभं राहिलं. तेच आजचं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. शनिवारवाड्यात पेशवे नांदत असताना त्याच शहरात मिस्सा होत होती, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं का?

पाचहौदाचं देवालय मात्र इंग्रजी अमदानीतलं, १८८५ चं. मंडईची इमारतही त्याच सुमाराची, १८८६ ची. दोन्हींत युरोपातल्या जुन्या चर्चची छाया आहे. मंडईचा तो अष्टकोनी मनोरा आठवतो ना? फरक इतकाच, की इथल्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत.

पण मला या आवाराची ओढ आहे ती दोन रमाबाईंमुळे. पहिल्या पंडिता रमाबाई. नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा, आणि डॉक्टर व्हायची जिद्द. इथल्या मिशनच्या सिस्टरांच्या ओळखीनं त्या १८८३ मध्ये इंग्लंडला, वाँटेजला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. पण धर्म बदलला म्हणून बाई कुणाच्या मुठीत गेली नाही हं! गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, असं त्यांनी सिस्टरांना पत्रातून रोखठोक विचारलं. डॉक्टरकीचं स्वप्न कमी ऐकू येत असल्यानं राहून गेलं.

दुसऱ्या रमाबाई रानडे. ऑक्टोबर १८९० मध्ये पाचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. नंतर नावं छापून आली आणि त्या एका कप चहावरून पुणं पेटलं. हेच ते पंचहौद ग्रामण्य. पुस्तकांत ही गोष्ट पुरुषांच्या वादाची म्हणून येते. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, शंकराचार्यांकडे प्रकरण गेलं, वगैरे. आता घरात डोकावून बघा. ग्रामण्य म्हणजे श्राद्धाला ब्राह्मण मिळायचा नाही, पंगतीचं बोलावणं यायचं नाही. आणि लेकींची माहेरची वाट बंद, कारण त्या घरी जेवली तर सासरही अडचणीत. चहा प्याले पुरुष, उंबरठ्याच्या आत अडकल्या बायका. शेवटी मित्रांच्या घरची कुचंबणा बघून १८९२ मध्ये न्यायमूर्तींनी प्रायश्चित्त घेतलं. ते रमाबाईंना मुळीच पटलं नव्हतं आणि तसं त्यांनी आपल्या आठवणींत लिहूनही ठेवलं. नवऱ्याला देव मानणाऱ्या त्या काळात हे छापणं सोपं नव्हतं.

आणि गंमत बघा, हा चहाचा धुरळा उडत असतानाच, १८९० च्या अखेरीस, पंडिता रमाबाईंनी आपलं शारदासदन मुंबईहून पुण्याला आणलं. विधवा मुली तिथे शिकू लागल्या. त्यातल्याच एका गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि लग्न करून मुरूडला गेल्या तर गावानं या जोडप्याला वाळीत टाकलं.

पाचहौदाच्या आवारात विचारूनच आत जावं. रविवारी सकाळी गेलात तर प्रार्थना मराठीतूनच कानावर पडेल. परतीच्या वाटेवर फुल्यांचा वाडाही लागतो, तोही पाहून घ्या. मंडईतली भाजी काय, संध्याकाळपर्यंत मिळतेच.