शब्दकोड्याचें यंत्र आणि शब्दांची मांडणी

रविवारचें शब्दकोडें सोडविणें हा आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं चहाइतकाच ठरलेला कार्यक्रम असतो. हल्लीं हा खेळ खिशांतल्या फोनवरही चालतो. सात-आठ अक्षरें समोर येतात, त्यांतून होतील तितके शब्द जुळवावयाचे, आणि शब्द लिहितांच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा निकाल ऐकावयाचा. हा निकाल देणाऱ्या आज्ञावलीनें आपला शब्दसंग्रह कसा मांडून ठेवावा, एवढाच आजचा विषय आहे.

संग्रहांत साठ हजार शब्द आहेत असें धरूं. ते वाटेल तसे लिहून ठेवले, तर एक शब्द शोधावयास सारी यादी चाळण्याची पाळी येईल. तेच वर्णक्रमानें लावले, तर मोल्सवर्थसाहेबांचा १८५७ सालचा कोश आपण मध्येंच उघडतों व पुढें जावें कीं मागें हें ठरवितों, तसें करतां येतें. दर वेळीं निम्मी यादी बाद होते व फार तर सोळा वेळां पाहून काम भागतें. याहून जलद युक्ति टपालकचेरींतील खणांसारखी आहे. शब्दाच्या घटकांवरून हिशेबानें एक अंक काढावा व त्या अंकाच्या खणांत तो शब्द टाकावा. आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं १९५३ सालीं ही कल्पना मांडली.

परंतु कोडें रचणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. ‘हा शब्द आहे काय?’ असें तो विचारीत नाहीं. ‘या आठ अक्षरांतून कोणकोणते शब्द होतात?’ असें विचारतो. आठ भिन्न अक्षरांच्या लहानमोठ्या सर्व मांडण्या १,०९,६०० होतात. त्या एकेक तपासणें म्हणजे निव्वळ हमाली! त्यापेक्षां प्रत्येक शब्दाचीं अक्षरें वर्णक्रमानें लावून तीच त्याची किल्ली करावी. ‘कमल’ आणि ‘कलम’ या दोहोंची किल्ली एकच, म्हणून दोन्ही एकाच खणांत सांपडतात. आणि आठ अक्षरांतून अशा किल्ल्या निघतात फक्त २५५.

चौकटींच्या जाळ्यांत वाट काढीत शब्द शोधावयाचे असल्यास मात्र वृक्षाची मांडणी उत्तम. ‘वेल’, ‘वेलची’, ‘वेलदोडा’ हे एकाच फांदीवरून फुटतात. पुढच्या अक्षराची फांदीच नसेल, तर ती वाट तेथेंच सोडून द्यावी. रेने द ला ब्रियांदे यांनीं १९५९ सालीं व एडवर्ड फ्रेडकिन यांनीं १९६० सालीं ही रचना प्रसिद्ध केली.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. खरी मेख आहे ती ‘अक्षर’ म्हणजे काय, यांत. पनवेल तालुक्यांतील नेरे या गांवाचें नांव घ्या. आपल्या दृष्टीनें तीं दोन अक्षरें. यंत्राच्या दृष्टीनें चार चिन्हें: न, मात्रा, र, पुन्हां मात्रा. ‘ज्ञानेश्वर’ हीं आपलीं चार अक्षरें, यंत्राचीं दहा चिन्हें. आंधळेपणानें चिन्हें सुटीं केलीं, म्हणजे एका चौकटींत बिचारी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी बसलेली दिसते. त्याहून वाईट म्हणजे ‘रान’ आणि ‘नार’ यांचीं चिन्हें तींच असल्यानें दोहोंची किल्ली एक होते. खेळणाऱ्यास ‘रा’ व ‘न’ दिले असतां यंत्र त्याच्याकडून ‘नार’ मागूं लागतें! मुलानें तें कोठून आणावें?

म्हणून मराठी खेळांत घटक धरावयाचा तो संपूर्ण अक्षराचा. त्याची किंमत पडतेच. इंग्रजी वृक्षांत प्रत्येक गांठीपाशीं सव्वीस जागा राखून ठेवल्या तरी चालतें. आपल्याकडे बाराखडी व जोडाक्षरें मिळून शेंकडों जागा लागतील व बहुतेक रिकाम्या पडतील. प्रत्येक गांठीपाशीं प्रत्यक्ष असलेल्या फांद्यांचीच लहानशी यादी ठेवावी, हें मला अधिक शहाणपणाचें वाटतें; द ला ब्रियांदे यांची मूळ रीतही तीच होती.

आणखी एक खोंच आहे. ‘दऱ्या’ या शब्दांतील ऱ एकाच चिन्हानें लिहितां येतो, तसाच र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनींही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्र त्यांस दोन शब्द समजतें व बरोबर उत्तरास ‘चूक’ म्हणतें. यावर कोणी नुक्ताच पुसून टाकला, तर डोंगरांतल्या दऱ्यांचा एकदम दर्या होतो! सबब संग्रहांत घालतांना व खेळणाऱ्याचा शब्द तपासतांना, दोन्ही वेळीं सर्व शब्द एकाच पद्धतीच्या चिन्हांत आणावे, आणि नुक्त्यास हात लावूं नये.

जागा वांचविण्याचा एक उपाय मात्र मराठीस विशेष मानवतो. अॅपेल व जेकबसन यांनीं १९८८ सालीं इंग्रजी स्क्रॅबलसाठीं झाडाच्या फांद्यांचीं सारखीं टोकेंही एकत्र जोडलीं. आपल्या विभक्तिरूपांचे शेवट किती सारखे असतात तें पहा: घरांना, दारांना, झाडांना. ‘रांना’ हें शेपूट घर आणि दार या दोघांसाठीं एकदांच सांठवावें लागतें. ‘झाडांना’ त्यांना मिळतो तो अखेरच्या ‘ना’पाशीं.